बांगड्याच्या कल्ल्यातला किडा आणि माझा फोटो

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. चूक चारचौघांत केली, तर कबुलीही चारचौघांतच द्यावी म्हणून ही पोस्ट.

रविवारी बाजारातून सहा बांगडे आणले. साफ करताना एकाच्या कल्ल्यात पेराएवढा, पांढुरका, पायवाला किडा दिसला. अंगावर काटाच आला. लगेच फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला: "बाजारात किडके मासे, सावधान!" नाव कुणाचं घेतलं नव्हतं. पण आमच्या बाजारात बांगडा विकणाऱ्या बाया तीनच. कुणाकडून घेतला हे तासाभरात सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर मावशींची पाटी तशीच भरलेली. बर्फ वितळून गेलेला. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बाबा, किडा समुद्रातला. मी थोडाच घातलाय? टाकायच्या आधी इचारायचं तरी."

मग घरी येऊन वाचत बसलो. जे आधी करायला हवं होतं ते.

तो किडा कोळंबीच्या लांबच्या नात्यातला निघाला. आपल्या किनाऱ्यावर बांगड्याच्या कल्ल्यात तो नेहमी सापडतो. माणसाला काही करत नाही. कल्ले काढले की तोही जातो.

माशाच्या आतड्याभोवती गुंडाळी करून बसलेला पांढरा दोऱ्यासारखा जंत मात्र वेगळा. त्याचं नाव अ‍ॅनिसाकिस. तो आधी बारीक झिंग्यासारख्या जिवात, मग माशात आणि शेवटी डॉल्फिन-देवमाशाच्या पोटात जातो. मासा कच्चा खाल्ला तर माणसाच्या पोटात भयंकर कळा येतात. मीठ, लिंबू, व्हिनेगर यांनी तो मरेलच असं नाही. नीट शिजवलं की मरतो. आपलं कालवण खळखळ उकळतं, तुकडी आतपर्यंत भाजली जाते, म्हणून आपण निर्धास्त. काही थोड्या लोकांना मेलेल्या जंताचीही अ‍ॅलर्जी होते. अंगावर पित्त उठलं तर डॉक्टरांना मासे खाल्ल्याचं जरूर सांगा.

गोड्या पाण्यातही हेच. पावसात आपण चढणीचे मासे धरतो, त्यांत कधी कधी पिवळट गाठी दिसतात. हा जंत गोगलगायीतून माशात आणि माशातून बगळ्यात जातो. नीट शिजवलं की तोही संपला.

आणि माशीच्या अळ्या? त्या मासा मेल्यावर, उघड्यावर राहिल्यावर पडतात. तो दोष समुद्राचा नाही, बाजाराचा आहे. आपण दोन्हींना "किडे" म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

नेदरलँड्समध्ये लोक कच्चं हेरिंग आवडीने खातात. तिथे या जंताने माणसं आजारी पडू लागली, तेव्हा १९६८ मध्ये मासा आधी गोठवण्याची सक्ती झाली. हेरिंगवर बंदी आली नाही.

आपण काय करतो? फोटो फिरवतो. मी तेच केलं.

खरं तर मागायला हवं ते वेगळंच. मासा मेल्यावर हे जंत आतड्यातून मांसात शिरू शकतात, म्हणून मासा लवकर साफ व्हायला हवा आणि तोवर गार राहायला हवा. त्यासाठी बाजारात परवडणारा बर्फ हवा, नळाचं पाणी असलेला ओटा हवा, घाण उचलायची सोय हवी. आमच्या बाजारात यातलं एकही नाही. मावशी बर्फ स्वतःच्या पैशाने आणतात आणि उन्हात बसतात. त्याचा फोटो मी कधी काढला नव्हता.

ग्रुपवर माफी मागितली. पण पहिल्या फोटोवर शंभर जण बोलले होते, माफीवर चौघे. त्या दिवशीचा माल गेला तो गेलाच.

काल परत बांगडे घेतले. मावशींनी कल्ला उघडून दाखवला, लालभडक. म्हणाल्या, "आता काढ की फोटो."

काढलाय. खाली लावलाय. तो फोटो जिथे जिथे पोचला होता, तिथे हाही पोचवा.