पऱ्हाटी आणि पराठा

२०१८ची दिवाळी. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आबाजींच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, "माइकचं चिन्ह दाबा आणि विचारा." आबाजींनी फोन तोंडाजवळ धरून जोरात विचारलं, "पऱ्हाटीवर लाल्या आला त काय फवारू?"

फोनने पराठ्यांच्या रेसिपी दाखवल्या.

पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही पोट धरून हसलो. आबाजी हसले नाहीत. "त्याले आपलं समजत नाई. कवा समजन?"

"सहा महिन्यांत," मी ठोकून दिलं. आमच्या धंद्यात सगळंच सहा महिन्यांत होणार असतं.

बोललेलं ओळखणारं यंत्र बेल लॅब्सने १९५२ सालीच केलं होतं. नाव 'ऑड्री'. कपाटाएवढं धूड, आणि ओळखायचं काय, तर शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडे, तेही थांबत थांबत म्हटलेले. ज्याच्या आवाजाशी ते जुळवलेलं असे, त्याचे आकडे बहुतेक बरोबर यायचे. दुसरा माणूस आला की गडबड. दहा वर्षांनी सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमने 'शूबॉक्स' मांडला, त्याला १६ शब्द यायचे. १९९७मध्ये सलग बोललेलं टाइप करणारं 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' आलं, पण त्याला आधी मजकूर वाचून दाखवून आपल्या आवाजाची सवय लावावी लागे. गूगलच्या व्हॉइस सर्चला मराठी आली ऑगस्ट २०१७मध्ये. ऑड्रीनंतर ६५ वर्षांनी.

कल्पनेचं यंत्र व्हायला वेळ लागतो, असं मला वाटायचं. इथे तर यंत्र लवकरच झालं होतं. पुढची वर्षं गेली ती दुसरं कुणी बोललं तर काय, यात. दुसरा आवाज, दुसरी बोली, मागे घरघरणारा कूलर.

हे मला नोकरीत नीट कळलं. आमच्या टीमने शेतकऱ्यांसाठी बोलून उत्तरं देणारं अ‍ॅप बनवलं. डेमो एसी कॉन्फरन्स रूममध्ये. पुण्याच्या सहकाऱ्याने स्वच्छ मराठीत प्रश्न विचारले, अ‍ॅपने फटाफट उत्तरं दिली, टाळ्या झाल्या, केक कापला. गावातल्या चाचणीत ते आपटलं. शेजारी ट्रॅक्टर चालू, दोघं एकदम बोलतायत, अर्ध्या वाक्यात कुणी पोराला हाक मारतंय. आम्ही ७० वर्षांनी पुन्हा ऑड्रीच बनवली होती.

आणि डेमोची वाक्यं मी लिहिली होती. त्यात 'पऱ्हाटी' नव्हती. विसरलो नव्हतो. चालणार नाही हे मला माहीत होतं.

आबाजींनी मात्र माझी वाट पाहिली नाही. रेडिओवरच्या बातम्यांसारखं, एकेक शब्द सुटा करून ते फोनला म्हणायला शिकले, "कापूस. लाल्या रोग. उपाय." फोन बरोबर उत्तर द्यायला लागला. "सुधारला बरं का फोन," काकू म्हणाली. फोन किती सुधारला आणि आबाजी किती, कोण जाणे.

गेल्या वर्षी त्यांचे दात काढले. कवळी ते घालत नाहीत, टोचते म्हणतात. आता फोनला 'कापूस'ही कळत नाही.

या मे महिन्यात मी चांगला माइक घेऊन घरी गेलो. आमच्या मॉडेलला शिकवायला त्यांचा आवाज हवा होता. ओसरीवर बसवलं, काय करायचंय ते सांगितलं, रेकॉर्डिंग सुरू केलं. आबाजींनी घसा खाकरला, माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कापूस म्हनू का पऱ्हाटी?"