अकरा दिवसांचे दूध

माझ्या थोरल्या मुलाचा जन्म १९७४ सालच्या पावसाळ्यातला. वाळवंटी दुथडी भरून वाहत होती आणि येथे कारापुरात, छातीत गळू होऊन मी तापाने फणफणले होते. मुलाला अंगावर घेणे अशक्य झाले. शेजारच्या मुसलमान घरातील आपांना तेव्हा तीन महिन्यांची मुलगी होती. घरच्यांना विचारून त्या आल्या आणि अकरा दिवस त्यांनी दोन्ही लेकरांना पाजले. बाराव्या दिवशी माझ्या सासूबाईंना व आपल्या दोन जावांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "आजपासून हा माझ्या पोरीचा भाऊ. कुणी विसरू नका." मला ती बोलण्याची एक प्रेमळ रीत वाटली. पुढे तो मोठा झाला तरी त्याच्यासमोर आपांनी डोईवरचा पदर कधी सावरला नाही, ह्याचाही अर्थ मी कधी शोधला नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याच मुलीची मुलगी, आपांची नात, सातव्याच महिन्यात बाळंत झाली. बाळ जेमतेम बाराशे ग्रॅम. माझ्या मुलाने मोटार काढली आणि आम्ही रुग्णालयात पोहोचलो. नातीला अद्याप दूध आले नव्हते. डॉक्टरांनी समजाविले की, अशा बाळाची आतडी अपक्व असतात. पावडरच्या दुधाने आतड्यांच्या घातक दाहाचा धोका वाढतो. म्हणून स्वतःचे दूध येईपर्यंत पेढीतील मातृदुग्ध द्यावे. अशी पेढी आपल्या देशात प्रथम डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात स्थापन केली. दान करणाऱ्या मातांची तपासणी होते, दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवितात, मग गोठवून ठेवतात. त्यात खोट काढण्याजोगे काहीही नाही.

नातीने एकच प्रश्न केला, "कुणाचे?"

परिचारिका म्हणाली, "ताई, नावे सांगत नाहीत. तीन-चार आयांचे एकत्र असते."

नातीने मान हलविली. नको.

मला अनावर राग आला. ओसरीवर मी आपांना म्हणाले, "बाळाच्या जिवापेक्षा का हे मोठे?" त्या शांतपणे म्हणाल्या, "बाय, दूध नको असे कोण म्हणते? आई कोण, एवढे सांगा." बाळंतपणात नातीला रक्त चढविले होते. ते कुणाचे, हे कोणीही विचारले नव्हते!

इतक्यात माझा मुलगा आत गेला. परका पुरुष येताच नातीने ओढणी पुढे ओढली असती. ह्याला पाहून तिने ती तशीच राहू दिली आणि "मामा" म्हणून रडू लागली. मी दारातच थबकले. अकरा दिवसांच्या दुधाने जोडलेले ते नाते पन्नास वर्षे खरे धरले गेले होते. मग त्या बाटलीतले दूध त्यांनी नुसते औषध कसे मानावे?

कुराणाच्या चौथ्या अध्यायात विवाहास निषिद्ध नात्यांमध्ये दूध पाजणारी आई आणि दूधबहीण ह्यांची स्पष्ट गणना आहे. शाफई पंथात पाच वेळा पाजल्याने हे नाते जडते. हनफी पंथात एकदाही पुरते. बाटलीतल्या चार अनामिक माता म्हणजे कोठेतरी वाढणारी कितीतरी अनोळखी भावंडे, आणि पुढे त्यांच्यापैकीच कोणी सोयरीक म्हणून दारी आले तर? आपणां कॅथलिकांना हे फार परके वाटू नये. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार बाप्तिस्म्यातील धर्मपित्याशी वा धर्ममातेशी विवाह करता येत नसे; १९८३ च्या संहितेत तो निर्बंध उरला नाही.

त्यांच्या पंडितांतही एकमत नाही. युसूफ अल्-करदावी ह्यांनी पेढीला अनुकूल मत दिले. १९८५ साली जेद्दाच्या फिकह परिषदेने मनाई केली. कराचीत २०२४ साली उघडलेली पेढी, धर्मपंडितांनी आधी दिलेली संमती मागे घेताच बंद पडली. वस्तुतः एकेका मातेचे दूध वेगळे ठेवून दोन्ही घरांना परस्परांची नावे कळविली, तर आपांची हरकत उरत नव्हती. रक्ताच्या पिशवीवर गट लिहितोच ना आपण?

त्या रुग्णालयात तशी सोय नव्हती. दोन दिवस बाळ सलाईनवर राहिले. परिचारिका दर तीन तासांनी नातीला उठवून दूध काढावयास लावी. तिसऱ्या दिवशी पहाटे वाटीत चमचाभर जमले. मधल्या दोन दिवसांत काही वावगे घडले असते, तर मी आपांना क्षमा केली असती काय? ह्याचे उत्तर मला आजही देता येत नाही. आपांनाही ते ठाऊक आहे.

पाच आठवड्यांनी बाळ घरी आले. मुलगी आहे. आम्ही पाहावयास गेलो तेव्हा आपांनी नातीला सांगितले, "अगोदर मामांच्या मांडीवर दे." पन्नाशी उलटलेला माझा मुलगा चटईवर मांडी घालून बसला आणि भीत भीत त्याने दोन्ही हात पुढे केले.