एक एप्रिलची गोष्ट

शिक्षकी पेशात असताना एप्रिल उजाडला की मी वर्गात एक गोष्ट हटकून सांगत असे. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने १५६४ साली नववर्षारंभ एक जानेवारीला आणला. ज्यांना हे कळले नाही, किंवा कळूनही वळले नाही, ते वसंतातच नवे वर्ष साजरे करीत राहिले आणि थट्टेचा विषय झाले. हेच ‘एप्रिल फूल’चे मूळ! गोष्ट सुटसुटीत होती, तिला सनाचा आधार होता. मुलांनी ती विश्वासाने वहीत उतरवून घेतली.

निवृत्तीनंतर निवांत वाचन सुरू झाले आणि या गोष्टीला तडे जाऊ लागले. एडुआर्ड डी डेने या फ्लेमिश कवीची १५६१ सालची एक कविता आहे. तिच्यातला उमराव एक एप्रिलला आपल्या नोकराला नाही नाही त्या निरर्थक कामांवर पिटाळतो. म्हणजे राजाज्ञेच्या तीन वर्षे आधीच ही चाल रूढ होती! शिवाय फ्रान्समध्ये पूर्वी बऱ्याच ठिकाणी वर्ष मोजत ते ईस्टरपासून, आणि ईस्टरची तारीख तर दरवर्षी सरकते.

१९८३ साली अमेरिकेतील प्राध्यापक जोसेफ बॉस्किन यांनी एका बातमीदाराला सांगितले की, सम्राट कॉन्स्टंटाइनने कुगेल नावाच्या विदूषकाला एक दिवस राज्यावर बसवले, तेव्हापासून ही प्रथा पडली. बातमी छापून आली. पुढे उघड झाले, की कथा बॉस्किन यांनी स्वतःच रचली होती. कुगेल हे तर एका ज्यू खाद्यपदार्थाचे नाव! दिवसाचे मूळ शोधणाऱ्यांनाच त्या दिवसाने गाठले.

मीही हसलो, पण फार वेळ नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्नल पिअर्स यांनी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये नोंदवले आहे, की होळीच्या दिवसांत हिंदू लोक एकमेकांना फसव्या कामांवर धाडून मौज करतात. ते वाचताच मन सुखावले. एप्रिल फूल म्हणजे आपलाच शिमगा, असे चारचौघांत सांगण्याचा मोह झाला. मग सावध झालो. साम्य म्हणजे नाते नव्हे. आपल्याला हवी असलेली गोष्टच आपल्याला अधिक सहज फसवते.

परवा एक जुना विद्यार्थी मुलाला घेऊन भेटायला आला. ‘‘सरांनी शिकवलेली गोष्ट’’ म्हणून त्याने मुलाला नवव्या चार्ल्सचीच कथा सांगितली. मी त्याला थांबवले. म्हणालो, ‘‘अरे, त्या गोष्टीने आधी मला मामा बनवले, आणि मग मी तुम्हा सगळ्यांना.’’

तो मनमोकळा हसला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या साऱ्या वह्या आल्या.