डावे-उजवे

मराठी भाषा डाव्या हाताशी फार कठोर वागली आहे. कोणाची उपेक्षा करावयाची असेल तर आपण त्याला डावलतो. दोन गोष्टींत एक सरस ठरली, तर ती दुसरीपेक्षा उजवी म्हणतो. पंक्तीत कोणाला तूप अधिक आणि कोणाला उणे वाढले, तर वाढणाऱ्याने डावे-उजवे केले, असा ठपका येतो. आमच्या इंदूरच्या हिंदीने तर याहून पुढचे पाऊल टाकले आहे. तिच्या लेखी उजवा हात 'सीधा' आणि डावा सरळसरळ 'उल्टा'. दर दहा माणसांत साधारण एक माणूस डावरे असते. म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबात एक तरी माणूस जन्मतःच या 'उलट्या' बाजूला जाऊन पडते.

या शब्दांचा विचार करावयास निमित्त झाले ते संगणकाच्या एका माऊसचे. आमची नात महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकते आणि डावरी आहे. पाच-पाच जणांच्या दोन संघांनी खेळावयाच्या 'व्हॅलोरंट' नामक खेळात तिला गती आहे. महाविद्यालयाचा संघ निवडला जाणार होता आणि त्यात जागा मिळवावी, अशी तिची जिद्द होती. अडचण एकच होती. घरातला माऊस उजव्या तळव्याच्या वळणाने घडवलेला. तो डाव्या हाताने दोन-दोन तास चालवून तिचे मनगट दुखू लागले होते. तिच्या वडिलांनी व्यवहाराचा तोडगा सुचवला : "हात बदल. पुष्कळ डावरी माणसे माऊस उजव्याच हाताने चालवतात. महिनाभरात सवय होईल." सूचना वावगी नव्हती, तशी माणसे खरोखरच पुष्कळ आहेत. परंतु 'हात बदल' हे दोन शब्द ऐकून आम्हांस आमच्या थोरल्या बहिणीची आठवण झाली आणि आम्ही या वादात पडलो.

ताई आमच्याहून चार वर्षांनी मोठी. १९६४ साली आम्ही पहिलीत आणि ती पाचवीत होती. ती टाक डाव्या हातात धरी. आपली लिपी डावीकडून उजवीकडे धावते. तेव्हा डाव्या हाताचा तळवा ओल्या अक्षरांवरून फिरे, शाई फरफटे आणि करंगळीची कड काळीनिळी होई. या काळ्या हाताचे निमित्त करून गुरुजींनी तिचा हात बदलला. छडी फारशी लागली नाही. रोज वर्गासमोर हात पुढे करून दाखवणे पुरेसे झाले. घरातही कोणी हरकत घेतली नाही. नैवेद्य, तीर्थ, पंगत, सगळीकडे उजवाच हात लागतो, मग लिहिण्याला का नको, असा तो हिशेब होता. ताई उजव्या हाताने लिहू लागली; पण आधी भराभर लिहिणारी मुलगी पुढे कायमची सावकाश लिहिणारी झाली. परीक्षेत तिचा शेवटचा प्रश्न नेहमी राहून जाई. रांगोळी मात्र ती आजही डाव्या हाताने काढते.

पुढे वाचनात आले, की त्याच १९६४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी जगातला पहिला माऊस तयार केला. एक लाकडी ठोकळा, पोटाशी काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण. हाताच्या आकाराचा उंचवटा त्याला नव्हता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी हे यंत्र जाहीररीत्या चालवून दाखवले, तेव्हा माऊस त्यांच्या उजव्या हातात होता आणि डावा हात पाच कळांच्या एका छोट्या पट्टीवर. कामाची ती वाटणी पुढे रूढ झाली : उजवीकडे माऊस, डावीकडे कळफलक. खेळांनीही तीच उचलली.

शासकीय सेवेत आम्ही भांडार क्रय नियमांत आयुष्य काढले. कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तुलनात्मक तक्ता मांडावयाचा, हा हाताला लागलेला वळसा. नातीने माहिती पुरवली आणि आम्ही फुलस्केप कागदावर रकाने आखले.

पहिला रकाना 'डीपीआय'चा. माऊस टेबलावर एक इंच सरकला असता तो संगणकाला किती पावले मोजून कळवतो, त्याचा हा आकडा. खोक्यांवर पंचवीस-पंचवीस हजारांचे आकडे मिरवतात. पण नेम धरावयाच्या खेळात बहुतेक मुरलेले खेळाडू चारशे ते सोळाशेच्या आतच राहतात. आकडा फार वाढवला, की बोट जरा हलले तरी नेम पडद्याच्या पलीकडे जातो. हा रकाना आम्ही खोडला. दुसरा रकाना वार्ता कळवण्याच्या वेगाचा. साधा माऊस आपली जागा सेकंदाला १२५ वेळा कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. खेळाचा माऊस १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. तिसरा रकाना वजनाचा. शंभर ग्रॅमच्या वरचा माऊस तासाभराने जड वाटू लागतो, म्हणून साठ ते ऐंशी ग्रॅमचे पसंत केले जातात. चौथा रकाना तारेचा. बिनतारी माऊस घ्यावयाचा तर संगणकाला स्वतःची छोटी ग्राहक-चिप लावून चालणारा घ्यावा. ब्लूटूथवर चालणारा खेळात मागे पडतो.

पाचवा रकाना हाताचा. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावून नातीचा हात मोजला. साडेसोळा सेंटिमीटर भरला. कोणी सारा तळवा माऊसवर टेकतो, कोणी बोटे पंजासारखी वाकवतो, तर कोणी केवळ बोटांच्या टोकांनी तो धरतो. नात पंजाची निघाली. तिला लहान आणि बुटका माऊस हवा होता.

या पाच रकान्यांत बाजारातले डझनभर माऊस उत्तीर्ण होत होते. सहावा रकाना लिहिला, 'डावा हात', आणि तक्ता जवळजवळ रिकामा झाला. बहुतेक माऊस उजव्या तळव्याकडे कललेले. जे दोन्हीकडून सारखे दिसतात, त्यांचीही बाजूची दोन बटणे डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. डावऱ्याच्या हाती ती करंगळीखाली येतात. केवळ डाव्या हातासाठी घडवलेले माऊस मोजकेच. रेझर कंपनीने २०२० साली आपल्या 'नागा' माऊसची डावी आवृत्ती पुन्हा काढली, पण तिच्या अंगठ्याखाली बटणांची रांगच्या रांग. तिचा उपयोग निराळ्या खेळांना. लॉजिटेकने २०१८ साली ८० ग्रॅमचा एक बिनतारी माऊस आणला होता. त्याच्या दोन्ही अंगांची बटणे काढता-बसवता येत. २०२० मध्ये त्याचा अधिक हलका भाऊ आला, त्यात उजव्या अंगाची बटणे गाळलेली होती. वजनात ६३ ग्रॅमच्याही खाली उतरला. डावऱ्यांचा अंगठा तेवढा मोकळा राहिला.

आर. एन. टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये आम्ही आजोबा-नात चार दुकाने फिरलो. एका तरुण दुकानदाराने मोठ्या आस्थेने सांगितले, "अंकलजी, उल्टे हाथ का तो ऑर्डर पे आएगा." नात हसली. आम्ही त्याला म्हटले, "भिया, हाथ सीधा ही है, माऊस उल्टे हैं." त्यालाही ते पटले. त्याने दोन्ही अंगांना बटणे असलेला एक समाकृती माऊस आठवड्याभरात मागवून दिला. साध्या माऊसच्या दसपटीहून अधिक पैसे पडले. चिरंजीवांच्या भुवया उंचावल्या. निवृत्तिवेतनातून खर्च केल्यामुळे लेखापरीक्षणाचा प्रश्न उद्भवला नाही.

वाचकांतील काहींना वाटेल, एवढा खटाटोप खेळण्यासाठी कशाला? खेळाला आता निराळे दिवस आले आहेत. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई खेळांत त्याची पदके दिली गेली. आणि २०२५ च्या ऑगस्टमधील कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बंद करताना ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. पण आमचे उत्तर यापैकी कोणतेही नाही. मूल बदलावे की वस्तू, हा आमच्यापुढचा प्रश्न होता, आणि खेळाच्या जागी लेखणी असती तरी तो तोच राहिला असता.

मैदानी खेळांनी हे कधीच ओळखले आहे. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी येथल्या होळकर मैदानावर महिला विश्वचषकात भारत इंग्लंडशी केवळ चार धावांनी हरला. त्या सामन्यात स्मृती मंधानाने ८८ धावा केल्या. सांगलीत वाढलेली ही मुलगी मूळची उजवी असूनही डाव्या हाताने फलंदाजी करते. आपल्या देवघरातही पाहा : घरात पुजावयाचा गणपती डाव्या सोंडेचाच बरा, उजव्या सोंडेचा कडक, असे आपणच मानतो. ज्याचे वाहन उंदीर, त्याला डावे चालते.

नात संघात राखीव खेळाडू म्हणून निवडली गेली. बाजूची बटणे तिच्या अंगठ्याखाली आली, उजव्या हातासाठी कळफलकावरच्या कळा तिने आपल्या सोयीने बदलून घेतल्या आणि मनगटाची कुरकुर पुष्कळ उणावली.

त्याच दिवाळीत भाऊबिजेला ताई देवासहून आली. नातीने तिला चित्रे काढावयाचा पडदा उघडून दिला आणि माऊस तिच्या डाव्या हाताखाली सरकवला. ताईने आधी दाराकडे पाहिले. मग हळूहळू तिने आपले माहेरचे नाव लिहिले. अक्षरे वेडीवाकडी, पाचवीतल्या मुलीची होती. लिहून झाल्यावर तिने हात उलटा करून करंगळीची कड न्याहाळली आणि नातीला म्हणाली, "अगं, हात काळा नाही झाला."