वारा नेईल तिकडे

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे जवळ आले की लळिंगचा किल्ला दिसू लागतो. फारुकी सुलतानांच्या वेळचा हा किल्ला बहुतेक प्रवासी मोटारीच्या खिडकीतूनच पाहतात. पण पौषातल्या एखाद्या पहाटे मफलर गुंडाळून वर चढून जावे. खाली गावातल्या चुलींचा धूर निघू लागलेला असतो. तो थोडा सरळ चढतो आणि मग आडवा होऊन एका दिशेला सरकतो. माथ्यावर आपली शाल मात्र कधी कधी दुसरीकडेच फडफडत असते. एकाच जागी, दोन उंचींवर, दोन वारे! हे ज्याला उमगले, त्याला फुग्यातून उडण्याची अर्धी विद्या आली म्हणायची.

उरलेली अर्धी त्या धुरातच आहे. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. फ्रान्समधल्या माँगोल्फिए बंधूंचा घरचा धंदा कागदाचा. त्यांनी कापडाला कागदाचे अस्तर लावून प्रचंड पिशवी केली, खाली जाळ केला आणि ४ जून १७८३ रोजी ती आकाशात सोडली. सप्टेंबरात एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा वर जाऊन सुखरूप परतले. मग २१ नोव्हेंबरला दोन माणसे पॅरिसवरून सुमारे पंचवीस मिनिटे तरंगत गेली.

हिशेब सोपा आहे. बाहेर २० अंश आणि फुग्यात १०० अंश तापमान असेल, तर एक घनमीटर हवा जेमतेम पाव किलो वजन उचलते. तीन-चार माणसे, टोपली, शेगडी आणि गॅसच्या टाक्या उचलायच्या, तर सहा मजली इमारतीएवढा फुगा हवा! म्हणूनच फुगेवाल्याला थंडी प्यारी. खानदेशचा मे महिना त्याच्या कामाचा नाही. बाहेरचीच हवा तापलेली असली म्हणजे फुग्याचा जोर ओसरतो, शिवाय तापल्या जमिनीवरून उठणारे झोत त्याला हेलकावे देतात. हिवाळ्यात मात्र धुळ्याचा पारा कधी सहा-सात अंशांवर उतरतो. अशी थंडी, सूर्योदयाची वेळ आणि मंद वारा, एवढेच त्याचे मागणे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर जोमाने फिरतात, तो त्याला परवडणारा नव्हे.

कारण फुग्याला सुकाणू नसते. जाळ वाढवला की तो चढतो. माथ्याची झडप उघडली की उतरतो. चालकाच्या हाती फक्त उंची. हवा तो वारा ज्या थरात वाहत असेल, तो थर शोधायचा आणि त्याच्या स्वाधीन व्हायचे.

ह्याच रस्त्याच्या मुंबईकडच्या टोकाला, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून, २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया असेच वाऱ्याच्या स्वाधीन झाले. वय ६७. बंद केबिनीत बसून ते २१,०२७ मीटर उंचीवर पोचले आणि १९,८११ मीटरांचा आधीचा विक्रम त्यांनी मोडला. त्या उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकाच उरतो. बंद केबिनीवाचून तेथे माणूस जगायचा नाही. एवढ्या उंचावरून ते उतरले ते नाशिक जिल्ह्यात, सिन्नरजवळच्या पंचाळे गावी.

विक्रम मुंबईचा, पण उतरायला खेड्यातली मोकळी जमीनच लागली! फुगेवाल्याला शेवटी कोणा अनोळखी शेतकऱ्याच्या दारी पाहुणा व्हावे लागते. सगळेच पाहुणचार गोड नसतात. १७८३ सालच्या ऑगस्टमध्ये पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा रिकामा फुगा गोनेस गावी पडला, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्याच्या चिंधड्या केल्या. पुढे फुगेवाले जमीनमालकाला शॅम्पेनची बाटली भेट देऊ लागले, ती चाल युरोपात रुजली.

यंदा थंडीत धुळ्याकडे जाणे झाले, तर लळिंगवर जरूर चढा. मुलांना खालचा धूर दाखवा आणि विचारा, आत्ता ह्या माथ्यावरून फुगा सुटला, तर तो कोणत्या गावी उतरेल? उत्तर कोणाचेच नक्की येणार नाही. पण परतताना प्रत्येक शेताकडे मुले निराळ्या नजरेने पाहतील.