दुगाडच्या डोंगराला वळसा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या घरी तोच प्रश्न उभा राहतो. मुलांना घेऊन जायचे कुठे? माथेरान-लोणावळा खिशाला झेपत नाही आणि भिवंडीत बसून राहावे तर दिवसरात्र लूमचा खडखडाट. या वेळी अब्बाच म्हणाले, "दुगाडला चला. डोंगराला वळसा घालून संध्याकाळी घरी." अब्बांचे वय त्र्याहत्तर. आम्ही नको नको म्हणत राहिलो, त्यांनी ऐकले नाही.

दुगाड भिवंडीच्या उत्तरेला पंधराएक किलोमीटरवर आहे. फजरनंतर लगेच निघालो, वाडा रस्त्याची गाडी पकडली आणि फाट्यावर उतरून चालू लागलो. समोर गुमताऱ्याचा डोंगर. वर जुन्या किल्ल्याची पाण्याची टाकी आणि ढासळलेली तटबंदी आहे. तरुण पोरे तिथवर चढतात, आमची वाट खालच्या सोंडेवरून होती. याच दुगाडला डिसेंबर 1780 मध्ये मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. वसईला वेढा घालून बसलेल्या इंग्रजांवर चालून जाणारी मराठी फौज इथे अडली आणि सेनापती रामचंद्र गणेश कामी आले. पहिले इंग्रज-मराठा युद्ध आम्ही वर्गात शिकवतो, तारखा पाठ करून घेतो, पण इतक्या वर्षांत इथे पाऊल ठेवले नव्हते.

गाव मागे पडले, भाताची खाचरे संपली आणि चढ सुरू झाला. खाचरांत भात कापून पसरलेला होता, एका खळ्यावर झोडणी चालली होती. वर मात्र सगळे गवत. कमरेइतके उंच, पिकून सोनेरी झालेले, वारा आला की सगळा माळ एका अंगाला कलायचा. मधे मधे ऐनाची झाडे, पण कशी? फांद्या छाटलेली, नुसते सोट. धाकटीने विचारले, "यांना काय झालंय?" अब्बांनी थांबून समजावले. भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या, पालापाचोळा, गवत, शेण पसरायचे आणि पावसाआधी पेटवायचे. झाड मरत नाही, पुन्हा फुटते. आम्हा दोघांनाही हे नवीन होते. अब्बा लूमवाले, ही माहिती त्यांना कुठून, असे आमच्या मनात आले खरे.

पुढे रान दाट झाले. साग, मोह, पळस, करवंदीच्या जाळ्या. ओढ्याला अजून पाणी होते. तिथेच वुजू करून जोहर अदा केली, डबे उघडले. जेवताना अब्बांनी सांगितले. 1974 पासून सात हंगाम ते एका गवताच्या वखारीत काट्यावर होते. दसऱ्यानंतर या माळांवरचे गवत कापून वखारीत यायचे, दाबून गठ्ठे बांधायचे आणि ट्रकने मुंबईच्या तबेल्यांत जायचे. कापणारे वारली आणि कातकरी. पावसाळ्यात घरात दाणा नसताना त्यांना उचल द्यायची आणि हंगामात ती गवतातून वळती करायची. काट्यावर अब्बा. "ओलाव्याचे म्हणून भाऱ्यामागे दोन किलो कापायचो. गवत कडक वाळलेलं असलं तरी. मालकाचा हुकूम होता." मग जरा वेळाने, "पण लिहीत तर मीच होतो ना."

मुले ओढ्यात दगड टाकत होती. आम्हाला काय बोलावे कळेना.

आमच्या शाळेच्या वाचनालयात गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आहे. 1945 साली डहाणू-उंबरगावकडच्या वारल्यांनी गवत कापणे बंद केले होते, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून. त्यात गोळीबारही झाला. हे आम्ही वाचले होते, इतरांनाही वाचायला सांगितले होते. पुस्तकातले ते गवत आणि आमच्या घरातला काटा यांचा संबंध मात्र कधी डोक्यात आला नाही.

उतारावर एक पाडा लागला. कुडाच्या दहा-बारा झोपड्या, दोन-तीन सिमेंटची घरकुले. पाणी मागितले. अंगणात बसलेली म्हातारी अब्बांकडे बघतच राहिली. "तू काट्यावरचा भाई ना?" तिकडे सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात अनादर नसतो. "येवढा म्हातारा झालास?"

अब्बा म्हणाले, "होय बाई, तोच मी." मग खाली बसले आणि दोन किलोंची गोष्ट त्यांनी स्वतःहून काढली. ती हसली. "आमाला काय ठाव नव्हता? घरून निघतानाच दोन पेंड्या जास्त बांधायचो." अब्बांनी खिशात हात घातला. तिने मान हलवली. भारे वाहायचा तो तिचा नवरा, त्याला जाऊन बारा वर्षे झाली. "त्याचा हिशेब तू मला कशाला देतोस?"

हक्कुल इबाद, म्हणजे माणसाचे माणसावरचे देणे, ज्याचे त्याच्याकडूनच माफ करून घ्यावे लागते. हे अब्बांनीच आम्हाला लहानपणी शिकवले होते. परतताना ते बराच वेळ बोलले नाहीत. म्हातारीने दिलेल्या चार काकड्या पिशवीत होत्या.

पाड्यापासून फाट्यापर्यंतची वाट सपाट आहे, तासाभराची. जाणाऱ्यांनी पाणी भरपूर घ्यावे, आणि जायचे तर पावसाळा संपल्यावर. होळीनंतर या माळावर सावली सापडत नाही. म्हातारी सांगत होती की हल्ली गवत कापायला फारसे कोणी बोलावत नाही, पोरे गोदामांत हमालीला जातात. पूर्णा, काल्हेर, माणकोलीच्या बाजूला जी गोदामे उठली आहेत, तिथेच.

तिची नात यंदा दहावीला आहे, आश्रमशाळेत. गणिताचे आणि विज्ञानाचे सरावाचे पुस्तक पाठवू, असे आम्ही कबूल करून आलो. पोस्टाने पाठवता येईल, पण अब्बा म्हणतात, पोस्टाने नको. पुढच्या रविवारी पहिल्या गाडीने निघायचे, आणि म्हातारीच्या नवऱ्याबरोबर भारे वाहणारे आणखी कोण कोण आहेत, ते विचारायचे. सहा नावे त्यांना आठवली आहेत. ती त्यांनी धाकटीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत.