सांबराच्या वाटेवर : नागझिऱ्याचें अरण्य

भंडारा शहर ओलांडून वैनगंगेचा पूल मागें पडला, कीं प्रदेशाची कळा पालटूं लागते. दुतर्फा भाताचीं खाचरें, मधूनच कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखलेले तलाव, आणि क्षितिजावर डोंगरांची निळसर ओळ. साकोलीस रायपूरचा हमरस्ता सोडून उत्तरेस वळावें. पिटेझरीच्या नाक्यापाशीं गांव संपतें आणि नागझिऱ्याचें अरण्य सुरू होतें. पूर्वीं हें सारें वन भंडारा जिल्ह्यांतच गणलें जाई. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाल्यापासून तें दोन्ही जिल्ह्यांत विभागलें गेलें. १९७० सालीं तें अभयारण्य झालें, व २०१३ सालीं नवेगांवसह व्याघ्रप्रकल्पांत समाविष्ट झालें. त्याच सालीं भंडाऱ्यानजीकच्या कोका वनासही अभयारण्याचा दर्जा मिळाला.

वाघ दिसावा म्हणून सारे येथें येतात. परंतु ज्यास अरण्य समजून घ्यावयाचें आहे, त्यानें सांबराची ओळख आधीं करून घ्यावी. आपल्याकडील मृगकुळांत हें सर्वांत मोठें जनावर. नराचीं शिंगें भरीव, प्रत्येकास बहुधा तीन टोकें. तीं दरवर्षीं गळतात आणि मखमली कातड्याखालीं पुन्हा नवीं वाढतात. दिवसा तें दाट छायेंत पडून राहतें व सांज झाली म्हणजे चरावयास निघतें. वाघाची चाहूल लागतांच तें खणखणीत आवाजानें साऱ्या रानास सावध करतें. चितळ उगाचही बावरतें. सांबर ओरडलें म्हणजे मात्र जाणते वाटाडे गाडी थांबवून कान देतात.

ज्या घरांतील एखादा मुलगा अमेरिकेंत आहे, त्या घरांत कदाचित् ऐकिवांत आलें असेल, कीं तिकडील पश्चिमेच्या संस्थानांत ‘एल्क’ नांवाच्या अशाच थोर मृगाची शिकार शरदृतूंत धनुष्यबाणानें करतात. परवाना, ठराविक मोसम, नर किंवा मादी याचा निर्बंध, अशा नियमांनीं ती बांधलेली असते. १९३७ च्या एका कायद्यानें बंदुका व दारूगोळा यांवर बसविलेल्या कराचा पैसा तेथें वन्य पशूंच्या रक्षणासच लावतात. मग सहज प्रश्न येतो, कीं आपल्याकडे तसें कां नसावें ?

उत्तर असें, कीं आपल्याकडेही तसें होतें. मध्यप्रांताच्या राखीव जंगलांत ‘ब्लॉक’ पाडून ते परवान्यानें शिकाऱ्यांस देत. १९३५ सालीं या प्रांतानें शिकारीचा स्वतंत्र कायदाही केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांतसुद्धां प्रथम परवान्यांची तरतूद होती. रात्रीं शिकार करूं नये, वाहनांतून करूं नये, विषारी शस्त्र वापरूं नये, पाणवठ्यावर किंवा त्याच्या वाटेवर मोठें जनावर मारूं नये, असे निर्बंध त्यांत घातले होते. हे वाचतांना दशरथ राजाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. रात्रीच्या अंधारांत, पाणवठ्यावर, केवळ शब्दाच्या रोखानें त्यानें बाण सोडला, आणि त्या एका बाणानें श्रवणाचा प्राण गेला, त्याचे अंध मातापिता गेले व राजाच्या कपाळीं पुत्रवियोग आला. कायद्यानें जें विसाव्या शतकांत सांगितलें, तें आमच्या आजीबाई पाळण्याशीं बसून फार पूर्वींपासून सांगत होत्या.

परंतु निर्बंध कागदावर राहिले आणि रानें रितीं होत गेलीं. म्हणून १९९१ सालीं शिकारीचे परवानेच बंद झाले. आज या कायद्याच्या व्याख्येंत धनुष्यबाण हेंही शस्त्रच होय, आणि परवानगीवांचून अभयारण्यांत तें नेतां येत नाहीं. नुसतें मारणेंच नव्हे, तर हाकणें, फासांत पकडणें, आमिष लावणें, किंवा तसा यत्न करणें, हेंही शिकारींतच मोडतें. रानांत गळून पडलेलें शिंगही मुलांनीं हौसेनें घरीं आणूं नये. जुन्या वाड्यांत भिंतीवर सांबरशिंगें असतील, तर त्यांच्या मालकीचा दाखला आहे कीं नाहीं हें वडील मंडळींनीं अवश्य पाहावें; त्यांची विक्री करतां येत नाहीं.

तरीही शिकाऱ्याची विद्या व्यर्थ गेली असें नाहीं. वाऱ्याची दिशा ओळखणें, ओल्या मातींतील खूर वाचणें, मचाणावर निःशब्द बसणें, हें सारें प्रेक्षकासही हवें. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून जनावरांची नोंद करण्याची प्रथा आपल्या अभयारण्यांत रूढ आहे. मचाण तेंच, चांदणें तेंच. हातीं मात्र बाणाऐवजीं लेखणी!

कुटुंबासह जावयाचें असल्यास हिवाळा सुखाचा. पशू पाहण्यास मात्र उन्हाळा बरा, कारण तेव्हां झाडी विरळ होते आणि पाणी थोड्याच ठिकाणीं उरतें. पावसाळ्यांत वन बंद असतें. प्रवेशपत्र आधीं काढावें, मातकट रंगाचे कपडे घालावे, अत्तर लावूं नये, मुलांस मौनाची संवय घरींच करवावी आणि वाटाड्याचें ऐकावें.

हा वाटाड्या बहुधा शेजारच्या गांवचाच असतो. त्याच्याशीं दोन शब्द बोलावे म्हणजे या रक्षणाची दुसरी बाजू कळते. ज्या काळीं साहेबाच्या बंदुकीस परवाना मिळे, त्या काळीं गोंडाच्या धनुष्यास राखीव रानांत थारा नव्हता. आज निर्बंध सर्वांस सारखा आहे, परंतु त्याचा भार सारखा नाहीं. सांबर व रानडुकरें रात्रींतून धानाची नासाडी करतात. सरकार भरपाई देतें, तरी माळ्यावर जागून काढलेल्या रात्रींची भरपाई कोण देणार? कांहीं जण चिडून कुंपणांत विजेचा प्रवाह सोडतात आणि त्यांत वाघापासून माणसापर्यंत कोणाचाही बळी जातो.

तेव्हां नागझिऱ्यास जाणाऱ्यानें एवढें तरी ध्यानांत ठेवावें, कीं आपण जें सांबर पाहून आनंदलों, तें कोणाच्या तरी शेतांत चरून मोठें झालें आहे. त्या गांवांत उतरावें, तेथील भाकर खावी, तेथील माणसास काम द्यावें. अरण्य राखण्याचा खर्च शहरवासीयानेंही थोडा उचलला, तरच तें पुढल्या पिढीच्या हातीं पडेल.